काकीनं मोडलेला कौल

राज्यशास्त्र घेतलं तेव्हा घरात कोणी खूश नव्हतं. बाबा म्हणाले, "ता शिकान काय होतला? पुढारी?" आई म्हणाली, नर्सिंग कर. एकटी काकी तेवढी म्हणाली, "शिकांदेत. घरात कोणाक तरी कायदो कळाक होयो." काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकाची बायको. काका गोव्यात हॉटेलात कामाला, कधीमधी घरी येणारा. शेत, म्हस आणि सासूचं औषधपाणी सगळं काकीच्याच अंगावर. आमची दोन्ही घरं एकाच अंगणात, त्यामुळे मी जेवढी आईच्या हातचं जेवले, तेवढीच काकीच्या.

कॉलेज कुडाळला. आठवडाभर तिथं खोली घेऊन राहायचं आणि शनिवारी गावी यायचं. पहिल्या वर्षात माझ्या डोक्यात जी हवा गेली ती गेलीच. चहा पिताना संविधान, भाजी चिरताना संविधान. आजीला विळीवरून उठवून मी मूलभूत हक्क समजावले आहेत. ती बिचारी "बरा बरा" म्हणायची आणि परत विळीवर बसायची.

दुसऱ्या वर्षी आमच्या गावची ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंचपद बाईसाठी राखीव. आमच्याकडे कधीच मतदान होत नसे. मानकरी देवळात बसत, नाव ठरवत, देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घालत आणि निवडणूक बिनविरोध होई. ह्या वेळी एका मानकऱ्याच्या बायकोचं नाव ठरलं. बाई वाईट नव्हती, पण सभेत तिच्याऐवजी नवराच बोलणार हे सगळ्या गावाला माहीत होतं. ह्यात कुणाला काही खटकत नव्हतं, आणि त्याचाच मला राग यायचा.

त्याच सुमारास आमच्या सरांनी प्रकल्प करायला सांगितला, आपल्या गावाच्या पंचायतीवर. मी काकीला म्हटलं, "काकी, तू अर्ज भर."

ती हसली. मग म्हणाली, "माका सरपंच होवन काय करूचा? माका बांध होयो." खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून जो मातीचा बांध असतो, तो आमच्या बाजूला जागोजागी खचला होता. काकीचा कुणगा, म्हणजे भातशेतीचा तुकडा, अगदी बांधाला लागून. ती वर्षानुवर्षं पंचायतीत सांगत होती आणि लोक माना हलवत होते. मी म्हटलं, मग तेवढ्यासाठीच उभी राहा. दोन शनिवार मी तिच्या मागे लागले. तिला कशी हरभऱ्याच्या झाडावर चढवली, ते आठवलं की आता माझीच मला चीड येते. पण तेव्हा ती खरंच फुलली होती. अर्ज भरायला जाताना लग्नातली साडी नेसली होती.

अर्ज मागे घ्यायची मुदत होती त्याच्या आत मानकऱ्यांनी तिला देवळात बोलावलं. भांडण नाही, दमदाटी नाही. "गावात आजवर फूट पडूक नाय, तेवा देवाकच इचारू," एवढंच म्हणाले. म्हणजे कौल. गुरव देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न सांगतो, आणि सगळे वाट बघत उभे राहतात. उजवी आधी पडली तर देवाचं हो. लग्न, घर, विहीर, आमच्याकडे सगळं असंच ठरतं. काकाच्या आणि काकीच्या लग्नाचंसुद्धा तसंच ठरलं होतं.

प्रश्न होता, काकीनं अर्ज मागे घ्यावा काय. उजवी पाकळी पडली.

काकी घरी आली. म्हशीला पाणी दाखवलं, हात धुतले आणि मला विचारलं, "मागे घेव काय गो अर्ज?" मी उसळलेच. पाकळी वजनानं पडते, वाऱ्यानं पडते. गुरव त्यांचा, देऊळ त्यांचं. कायद्यात कौल बसत नाही. मतदान गुप्त असतं, कोणी कोणाला मत दिलं हे ब्रह्मदेवालाही कळत नाही. मी एवढं बोलले की सरांनी ऐकलं असतं तर तिथल्या तिथं मार्क दिले असते.

काकीनं सगळं ऐकून घेतलं. "देवाक राग येवचो नाय मगे?" एवढंच विचारलं.

मी म्हटलं, "काय येणा नाय."

म्हणजे देवाच्या वतीनं मीच उत्तर देऊन मोकळी झाले. तिनं अर्ज ठेवला. आणि पडली. साधीसुधी नाही, पार पडली. जे शेजारी "आमचा मत तुकाच" म्हणाले होते, त्यांनीसुद्धा दिलं नव्हतं. गुप्त मतदान असतंच, पण देवापासून काय गुप्त, असा त्यांनी विचार केला असणार. हे मला पुस्तकात कुठं वाचायला मिळालं नव्हतं.

सोमवारच्या पहिल्या गाडीनं मी कुडाळला निघून गेले. मला जायला जागा होती. काकी तिथंच राहिली.

प्रकल्प मात्र झकास झाला. रूढी आणि ग्रामपातळीवरची लोकशाही. काकीला मी त्यात "एक महिला उमेदवार" म्हटलं. सरांनी तो चर्चासत्रात वाचायला लावला, टाळ्या पडल्या, बाहेरून आलेल्या एका मॅडमनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाल्या, किती धाडसी बाई. कोण, ते मी विचारलं नाही. त्यांना माझी काकीच म्हणायची असणार, आणि मी मात्र तो मान माझ्यासाठी घेतला. घरी येऊन प्रशस्तिपत्र दाखवलं तेव्हा काकीनं पदराला हात पुसून ते हातात घेतलं आणि देवाजवळ नेऊन ठेवलं.

मग पावसाळा. आमच्याकडे भातलावणी एकमेकांच्या जिवावर होते. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. त्या वर्षी काकी सगळ्यांकडे गेली, नेहमीसारखी कमरेत वाकून लावणी करून आली. तिच्या कुणग्यात मात्र कोणी आलं नाही. कोणी नाही म्हणालं नाही हो. कुणाच्या घरी पाहुणे होते, कुणाची कंबर धरली होती. शेवटी आई, मी आणि काकी, तिघींनीच लावणी केली. मी कॉलेज बुडवून आले होते आणि तेवढ्यावर मला बरंही वाटत होतं, म्हणजे बघा.

श्रावणात उधाणाला बांध फुटला. नेमका काकीच्या कुणग्यालगत. खारं पाणी आत आलं आणि लावलेलं भात पिवळं पडत गेलं. बांध सगळ्यात कच्चा तिथंच होता, म्हणून तिथं फुटला. हे मला ठाऊक होतं, काकीलाही ठाऊक होतं, तिनंच तर वर्षानुवर्षं सांगितलं होतं. पण गावात एकच बोलणं. देवानं दाखवलं. मी काकीला सांगायला गेले की हा पंचायतीनं बांधाच्या दुरुस्तीचा प्रस्ताव वेळेवर न पाठवल्याचा परिणाम आहे. ती शेताच्या मेरेवर बसली होती. "तू गप रव," म्हणाली. रागानं नाही, दमून.

आजही मला वाटतं की निवडणुकीत कौल आणू नये. ह्यावर मी कुणाशीही भांडेन. पण भांडायचं तर आपल्या जिवावर भांडावं. मी काकीला पुढं केलं, आणि तिचा देव तिच्याकडून हिरावून घेतला. त्या जागी माझ्याकडे तिला द्यायला काहीच नव्हतं. ही बोच जात नाही. वर्गात लोकसहभाग हा शब्द आला की मी खिडकीबाहेर बघते.

गणपती झाल्यावर एका शनिवारी काकी म्हणाली, "चल माझ्यावांगडा, देवळात जावचा आसा." तिनं नारळ घेतला होता. देवळात गुरव होता, चारदोन बायका होत्या, आणि ज्यांची बायको आता सरपंच आहे ते मानकरीही होते. त्यांनी मला "परीक्षा कधी गो?" म्हणून अगदी मायेनं विचारलं. ते जरा मिरवले असते तर मला सोपं गेलं असतं.

काकीनं गुरवाच्या कानाशी लागून काय गाऱ्हाणं घालायचं ते सांगितलं. गुरवानं नारळ देवापुढं ठेवला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. प्रत्येक वाक्यामागे उभ्या असलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, म्हणजे ते सगळ्यांचं होतं.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान तुझो कौल मोडल्यान, ती चूक तिची एकटेची आसा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"घरातला चेडू अजाण आसा, शिकता आसा, त्येचो ह्येच्यात काय एक दोष नाय. त्येका परीक्षेत येस दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

माझं तोंड उघडेना. सगळ्या गावाला उपदेश करणारं हे तोंड. काकीनं कोपरानं मला हळूच ढोसलं.

"म्हण गो," ती पुटपुटली, "नायतर गाराणा पुरा होवचा नाय."

मी म्हटलं.