बाईच्या खोलीतले बोर्ड

माझी मोठी बहीण चाकाच्या खुर्चीवर बसते. तिला घरात सगळे बाई म्हणतात. चिमूरकडच्या एका गावात तिने आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, आणि मणक्याच्या आजाराने पाय गेले तेव्हा तिला चंद्रपूरला माझ्या फ्लॅटमध्ये यावं लागलं. ती खुशीने आली नाही आणि मीही तिला खुशीने आणलं नाही. लोक काय म्हणतील या भीतीने आणलं. हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.

फ्लॅट जुना होता. ती येण्याच्या निमित्ताने आम्ही घराची फरशी, रंग आणि वायरिंग सगळंच नव्याने करायला काढलं. मी वीज केंद्रात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, म्हणून वायरिंगवर देखरेख माझी. काम सुरू व्हायच्या आधी बाईने माझ्या हातात एक कागद दिला. अपंगांच्या सोयीसाठी इमारती कशा असाव्यात याचे सरकारी नियम तिने मोबाइलवर वाचून शाळेतल्या अक्षरात उतरवून काढले होते. बटणं बसलेल्या माणसाच्या हाताला आली पाहिजेत. प्लग पॉइंट अगदी जमिनीलगत नको, वाकता येत नाही. कोपऱ्यात नको, खुर्ची तिथे शिरत नाही.

"हे सरकारी इमारतीसाठी राह्यते, बाई," मी म्हणालो. "आपल्या घरात कोण येते तपासाले?"

"मी आहो ना तपासाले. तुह्या प्लँटात एखादा हँडल ऑपरेटरच्या हाताले नाई आला तं काय करता?"

"लिहून देतो. बदलवतात."

"मंग मले मशीनीएवढं तं समज."

मला राग आला. ती बरोबर बोलली की मला लहानपणापासून राग येतो.

आमच्याकडचे वायरमन बोर्डाची उंची टेपने मोजत नाहीत. उभं राहायचं, भिंतीला खांदा लावायचा, खांद्याशी पेन्सिलीची खूण करायची आणि तीच उंची घरभर फिरवायची. लहान मुलांचा हात पोचू नये म्हणून अशी रीत पडली. आजवर मी पाहिलेल्या प्रत्येक घरात बोर्ड त्याच उंचीवर आहे आणि त्यात मला कधी काही खटकलं नव्हतं.

बाईचा कोणावर भरवसा नव्हता. तपासणीसाठी चार दिवस दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी तिने आपल्या खोलीत भिंतीच्या कडेने खुर्ची फिरवली, हात लांबवला आणि जिथवर तो पोचला तिथे पेन्सिलीने रेघा मारल्या. प्रत्येक रेघेजवळ लिहिलं: कूलर, पंखा, फोन.

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात सोडून आलो आणि वायरमन यायच्या आत ओल्या फडक्याने त्या सगळ्या रेघा मी पुसल्या.

का पुसल्या ते सांगतो. बायको म्हणाली होती की इतके खाली बोर्ड वाईट दिसतील. पण ते खरं कारण नव्हे. मला वाटलं होतं, हा दोनेक वर्षांचा सवाल आहे. पुढे ही खोली मुलाची होईल, त्याचं लग्न होईल, मग पुन्हा कुठे भिंती फोडायच्या? माझी बहीण जिवंत होती आणि मी तिच्या नंतरच्या घराची वायरिंग करत होतो.

वायरमन चाळिशीचा, शांत माणूस. तो म्हणाला, "साहेब, मॅडमनं काल मले खुणा दाखवल्या होत्या. कुठी गेल्या?"

"ते राहू दे. नेहमीसारखंच घे."

"मॅडमचा हात नाई पुरणार, साहेब."

"तुले सांगतलं ना?"

त्याने भिंतीला खांदा लावला.

बाई परत आली, बोर्ड पाहिले आणि माझ्याकडे वळली. मी म्हणालो, "वायरमन चुकला." तिने त्याला बोलावणं धाडलं आणि हॉलमध्ये सगळ्यांसमोर झापलं.

"डोळे हायेत का भोकं? तुह्या मायनं हेच शिकवलं का रे तुले?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहत होतो. "चुकलं, मॅडम," तो म्हणाला आणि पिशवी उचलून गेला. बोर्ड तसेच राहिले; बाईची बटणं आम्हीच चालू-बंद करून द्यायचो.

मे महिन्यात राजुऱ्याला नात्यातलं लग्न होतं. निघायच्या गडबडीत बायकोने बाईच्या कूलरमध्ये पाणी भरलं. भरताना शॉक लागू नये म्हणून तिने बटण बंद केलं आणि चालू करायचं विसरली. बाईचा फोनही त्याच बोर्डावर चार्जिंगला लावलेला होता.

आम्ही चारच्या सुमारास परतलो. बाई बोर्डाखाली फरशीवर पडली होती, बाजूला झाडू आणि उलटलेली खुर्ची. झाडूच्या दांड्याने बटण दाबायला गेली आणि तोल गेला. उजवं मनगट सुजून काळं पडलं होतं. ओठ फुटले होते. त्या बंद खोलीत तीन तास ती तशीच होती.

"जेवून आले का लग्नाचं?" तिने विचारलं.

मनगटाला प्लास्टर घातलं, सलाइन लागलं. दवाखान्यातल्या कॉटवरून ती म्हणाली, "त्या वायरमनले सोडत नाई मी. पोलिसात देतो त्याले."

तेव्हा मी सांगितलं. रेघा पुसल्या ते सांगितलं, आणि दोन वर्षांचं जे मनात होतं तेही.

ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "त्याले घरी बोलाव. हेच त्याच्यासमोर सांग."

तो आला. मी बाईच्या खोलीत उभा राहून पुन्हा सगळं सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, मॅडमनं मायवरून बोललं मले. माही माय मागच्याच सालात गेली. तुम्ही तिथीच उभे होते."

"माफ कर, बापू," बाई म्हणाली. "मी न पाहता बोलली."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तो खाली बसून छिन्नी काढत होता. "मॅडम, हात कुठवर जाते तुमचा? डावा सांगा, उजवा तं बांधून हाये."

तिने हात लांबवला. यावेळी त्याने खूण केली ती तिच्या हाताशी, आणि माझ्याकडे एकदाही न पाहता नव्या रंगवलेल्या भिंतीत वायरसाठी झिरी मारायला घेतली. धूळ मी झाडली. कोणी सांगितलं नव्हतं.

आता बाईच्या खोलीतलं प्रत्येक बटण तिच्या हाताला येतं. ती जेवण आत मागवते. माझ्या बायकोशी बोलते, मुलाशी हसते. संध्याकाळी ड्यूटीवरून आलो की मी तिच्या दाराशी जातो. "बाई," म्हणतो, आणि पुढे काहीतरी बोलायला लागतो. ती माझ्याकडे नीट पाहते, डावा हात भिंतीकडे नेते आणि कूलर पूर्ण वेगाने सुरू करते. त्या आवाजात माझं बोलणं मलाही ऐकू येत नाही.