फरार शिपायाची हजेरी

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. भूतखेत, संकेत, झपाटलेली जागा... असलं काही कोणी सुरू केलं की मी सरळ उठून जायचे. तरीही हे लिहितेय, कारण माझा संताप अजून उतरलेला नाही.

माझ्या वडिलांचे आजोबा जालन्याच्या छावणीत इंग्रजांच्या पलटणीत शिपाई होते, एवढंच घरात माहीत होतं. नाव माहीत नव्हतं. पणजी तान्हं पोर घेऊन एकटीच टेंभुर्णीला माहेरी आली, आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं म्हणून मरेपर्यंत तिने ते घेतलं नाही. गावाने त्याचा काय अर्थ लावायचा तो लावला. 'पलटणीचं पोर' हेच आमच्या घराचं नाव पडलं! माझे वडील, म्हणजे आबा, आता ऐंशीच्या पुढे आहेत. ठार बहिरे. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे पाटीवर लिहून. मरायच्या आधी आपल्या आज्याचं नाव कळावं, एवढीच त्यांची इच्छा.

मग मी हात धुऊन मागे लागले. जुन्या लष्करी कागदांचे स्कॅन मागवले, रविवारच्या रविवार वाचत बसले. आणि सापडलं — बायकोचं नाव पणजीचंच, तिचं माहेर टेंभुर्णी, शिपाई गोंदाजी. पुढे शेरा: हजेरीला गैरहजर, फरार.

माझं डोकंच फिरलं. साथीत मेला असेल, वाटेत कोणी मारून टाकला असेल... पण नाही, शेरा मारून साहेब मोकळे. हे आबांना कुठल्या तोंडाने सांगायचं? नाही सांगितलं. कोणालाच नाही, नावसुद्धा नाही. "अजून शोधतेय," एवढंच पाटीवर लिहिलं.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांचे डोळे तपासायला जालन्याला गेलो. आता छावणीची जागा दाखव म्हणून हटून बसले, म्हणून नेलं. भर सकाळची वेळ. मोकळं मैदान, कडेला रिक्षा, कोणीतरी मोटारसायकल शिकत होतं. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढत होते, तोच मागून आबांचा खणखणीत आवाज आला, "हाजिर."

वळून बघते तर एरवी कमरेत वाकलेला माणूस ताठ उभा, हात अंगाला चिकटवलेले. काय झालं म्हणून लिहून विचारलं, तर माझ्यावरच चिडले.

"कवाचे पुकारून राह्यले... गोंदाजी, गोंदाजी. कोणीच ओ देईना. मंग म्याच देली." मग जरा थांबून म्हणाले, "आपल्याच माणसाचं नाव व्हतं का गं ते?"

मी मानेनेच हो म्हटलं. आबा तिथेच मातीत बसून हमसून हमसून रडले. मीही रडले.

माझा चुलत भाऊ वकील आहे. तो म्हणतो, म्हातारपणी भास होतात. होत असतील. पण मी तोंडातून न काढलेलं नाव त्या भासाला कोणी सांगितलं? तुझ्या मोबाइलवर वाचलं असेल म्हणे. अरे, कागद इंग्रजीत, आणि आबांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही!

कोण पुकारत होतं, मला आजही सांगता येत नाही. कोणी कितीही समजावलं तरी पटत नाही. मला फक्त त्या पुकारणाऱ्याला एकदा विचारायचंय — माणूस पळून गेला याची एवढी खात्री होती, तर मग अजून त्याचं नाव का घेताय?