घेणाऱ्याची सही

७ नोव्हेंबर, शुक्रवार. उपासना संपल्यावर चर्चमधलं मदतीचं कपाट रिकामं करून पुन्हा लावायला घेतलं. दुधाच्या पावडरीचे डबे खाली, डाळ-तांदूळ मधे, ब्लँकेटं वर. प्रत्येक डब्यावर मुदत संपायची तारीख लाल मार्करने मोठी लिहायची, हे काम माझ्याकडे पहिल्यापासून आहे. मी नर्स, वॉर्डची इन्चार्ज. तारखा बघायची सवय जात नाही. किल्ली मात्र आजपासून माझ्याकडे आली. ती अकरा वर्षं ज्यांच्याकडे होती ते आमच्या चर्चमधले सगळ्यांचे मामा या आठवड्यात कुवेत सोडून नगरकडे आपल्या गावी गेले, कायमचे.

"जरा जिरं आहे का?"

मामा म्हटलं की मला आधी हे वाक्य ऐकू येतं. दार उघडलं की सलाम करायचा, एक पाऊल मागे सरायचं आणि काहीतरी मागायचं. जिरं, कांदा, विरजण, काहीही. रत्नागिरीच्या एका ड्रायव्हरकडे ते कोकमं मागत. हा माणूस एकटा, अब्बासियात एका खोलीत राहणारा, अहमदीत स्टोअरकीपरची नोकरी करणारा. दुकान खाली, जिन्याच्या पायथ्याशी. तरी याला रोज काय कमी पडतं, असं मला वाटायचं. कंजूष असतील, असंही वाटायचं. तुम्हीही अशा माणसांबद्दल हेच म्हणाला असता.

आमची मराठी मंडळी लहान. एकाच आवारात दहा भाषांच्या मंडळ्या, प्रत्येकीला दीड तास. आमचं शेवटचं गीत लांबलं की पुढची मंडळी दाराशी घसे खाकरते. इथली सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून आमचं संडेस्कूल शुक्रवारी भरतं. तिथे मामा मुलांना पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या गोष्टी सांगत. ज्यांच्या घरी द्यायला काही नसायचं ते दोन दिवस उपास करायचे आणि वाचलेलं धान्य उपाशी माणसाला द्यायचे, ही त्यांची आवडती गोष्ट. मुलं विचारायची, "रिअली, मामा?" मामा म्हणायचे, "रिअली." बुधवारी मामा जेवत नसत हे मला फार उशिरा कळलं. पित्ताचा त्रास असेल म्हणून मी त्यांना गोळ्याही दिल्या होत्या. त्यांनी त्या मुकाट्याने घेतल्या.

तीन वर्षांपूर्वी समितीच्या बैठकीत सेक्रेटरींनी कपाटाची वही उघडली. ते बँकेत आहेत, माणूस वाईट नाही, पण वही दिसली की त्यांना राहवत नाही.

"मामा, घेणाऱ्याची सही या रकान्यात सगळीकडे तुमचीच सही आहे. दुधाच्या पावडरीचे सहा डबे, तुम्ही. मुलाचे शाळेचे बूट, तुम्ही. लेडीज स्वेटर, तुम्हीच. बसला का?"

"खांद्यात जरा घट्ट होतो," मामा म्हणाले.

सगळे हसले. सेक्रेटरीही हसले, पण वही मिटली नाही. "लोक विश्वासाने सामान देतात. पहिल्या मंडळीतसुद्धा विधवांच्या जेवणावरून कुरकुर झाली तेव्हा सात माणसं नेमावी लागली. व्यवस्था हवीच ना?"

"नेमली की सात माणसं," मामा म्हणाले. "पण त्या विधवांची यादी भिंतीवर नाही लावली."

"मग दोन आठवड्यांत नावं द्या. नाहीतर किल्ली द्या."

पाळकसाहेबांनी मधला मार्ग काढला. सिस्टरबाईंनी मामांबरोबर जाऊन बघून यावं आणि समितीला सांगावं. सिस्टरबाई म्हणजे मी. मी लगेच हो म्हटलं, कारण सेक्रेटरींचं मला पटलं होतं. माझ्या वॉर्डात कुणी दुसऱ्याच्या नावावर सही केली असती तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

शनिवारी सकाळी मामांच्या गाडीत बसले. मामांनी एक अट सांगितली. "बाई, बघायला जायचं नाही. मागायला जायचं."

"म्हणजे?"

"दिलेलं सामान पोहोचलं का, असं विचारलं की माणूस मान खाली घालतो. जिरं मागितलं की तो उठून डबा उघडतो. डबा उघडला की आपल्याला कळतं. चमचा तळाला लागला की त्याचा आवाज वेगळा येतो."

पहिल्या घरी कांदे मागितले, चार मिळाले. दुसऱ्या घरी ड्रायव्हर आणि त्याचे तीन सोबती. पगार तुंबलेले, इकाम्याची, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची, मुदत संपत आलेली. त्यांनी कोकमं दिली आणि वर मामांनाच झापलं, "चाचा, एवढ्याने काय होतंय? पिशवी घेऊन येत जा ना." मामा खाली उतरताना म्हणाले, "आज बरं आहे त्यांचं. भांडतायत." मी तीस वर्षं रुग्णांचे चेहरे वाचते आहे, पण इतक्या कमी खुणांवरून इतकं नेमकं निदान करणारा माणूस मी पाहिला नव्हता.

तिसऱ्या इमारतीखाली मामा गाडीतून उतरेनात. "हे घर सोडू, बाई."

"सोडायचं नाही. तपासणी म्हणजे तपासणी."

"मग मागायचं तुम्ही."

दार उघडलं ते आमच्या गायनमंडळाच्या बाईंनी. दर शुक्रवारी पहिल्या रांगेत, इस्त्रीची साडी, शेजारी टाय लावलेला नवरा. अर्पणाची पिशवी फिरली की त्या नवऱ्याचं पाकीट सगळ्यांच्या आधी पडायचं. तिने मला पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या मामांना पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आणि मला काय मागायचं होतं तेच आठवेना.

"जिरं," मी शेवटी म्हटलं. "जिरं आहे का गं थोडं?"

"आहे की, ताई! या ना, बसा ना."

ती आत गेली. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. फडताळावर दुधाच्या पावडरीचा डबा, त्यावर लाल मार्करने लिहिलेली तारीख. अक्षर माझं. तिने जिऱ्याची बाटली आणली आणि अर्धीअधिक माझ्या रुमालावर ओतली. "पुरेल ना? अजून घ्या." आता तिचा आवाज सरळ झाला होता. चहा टाकला. "दूध घालू ना, ताई?"

"मी कोराच घेते," मी म्हटलं. मी जन्मात कोरा चहा प्यायलेला नव्हता.

"हे ऑफिसला गेलेत," ती न विचारताच म्हणाली. शनिवारी ती ऑफिसं बंद असतात हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मामा म्हणाले, "हो, हल्ली काम फार असतं," आणि चहा संपवला.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "किती दिवस?"

"आठ महिने. रोज टाय लावून निघतो, समुद्रावर जाऊन बसतो."

"तिने सांगितलं तुम्हाला?"

"नाही. मी कांदा मागायला गेलो होतो, म्हणाली आत्ताच संपला. कांदा कुणाच्या घरी संपतो का, बाई?"

माझा स्वभाव गप्प बसायचा नाही. "मामा, उद्या तुम्ही आजारी पडलात तर या घरांचं काय? एकालाही माहीत नाही. आणि पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेली तेव्हा सोबत माणसं घेतली, कुणी बोट ठेवू नये म्हणून. हे तुम्हीच पोरांना शिकवता ना? मग तुम्ही एकटे का जाता?"

मामांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मला वाटलं, चिडले.

"चुकलं माझं," म्हणाले. "त्यांची लाज झाकायची तर एकट्याने झाकायची, असं धरून चाललो. आठ वर्षांत एकदाही हे सुचलं नाही." त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्यापुढे धरली.

सांगते, त्या दिवशी मी दोनदा हबकले. एकदा त्या दारात आणि एकदा इथे. साठीच्या माणसाला, जो बरोबर होता, अर्ध्या वाक्यात स्वतःची चूक मान्य करताना मी आधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांत तर नाहीच.

"किल्ली ठेवा," मी म्हटलं. "आमच्याकडे गुंगीच्या औषधांचं कपाट उघडायला दोन सह्या लागतात. एक देणाऱ्याची, एक साक्षीदाराची. रुग्णाचं नाव नोटीसबोर्डावर लागत नाही. तेच करू."

पुढच्या शुक्रवारी मी समितीला सांगितलं, सामान पोहोचतं, मी पाहिलं. नावं मिळणार नाहीत. यापुढे प्रत्येक घरी दोघं जातील आणि दोघांच्या सह्या होतील. सेक्रेटरींनी चष्मा पुसला. "म्हणजे आता लेडीज स्वेटर दोघं मिळून घालणार?"

"हो," मी म्हटलं. "मला बसतो."

किल्ली मामांकडे राहिली. पुढे त्या नवऱ्याला नोकरी लागली, आधीपेक्षा लहान, पण लागली. ती बाई आणि मी त्या सकाळबद्दल कधी बोललो नाही. मामांचं कॉन्ट्रॅक्ट या वर्षी संपलं. विमानतळावर त्यांच्याजवळ एकच बॅग होती. आत काय आहे, मी विचारलं नाही. "बाई, साक्षीदार लवकर शोधा," एवढंच म्हणाले. सलाम केला आणि आत गेले.

८ नोव्हेंबर, शनिवार. आज सकाळी मी गायनमंडळाच्या बाईंकडे गेले. काही मागितलं नाही. वही पुढे ठेवली आणि म्हटलं, "दुसरी सही तुझी हवी. अट एकच, कुठे गेलो ते घरीही सांगायचं नाही."

तिने वही उघडली नाही. "ताई, तेव्हा तुम्हाला कळलं होतं ना?"

"हो."

"म्हणून कोरा चहा प्यायलात."

"भयंकर होता."

ती हसली, मग पदराने डोळे पुसून गॅस बंद करायला गेली. आम्ही लगेच पहिल्या घराकडे निघालो. त्या इमारतीची लिफ्ट बंद होती. तीन मजले चढून आम्ही एका दारापुढे उभ्या राहिलो. घरात लहान मूल रडत होतं. मी बेलकडे हात नेला, तर तिने माझा हात बाजूला केला, मला एक पाऊल मागे सारलं आणि बेल स्वतः वाजवली.