सुषमाताईंचं लक्ष असतं कुठे?

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. डबा खाताना एकाने एक सांगितला की दुसऱ्याला दुसरा आठवतो. वर्षभराने लक्षात येतं की निम्मे किस्से एकाच माणसाचे आहेत! आमच्याकडे ते माणूस म्हणजे सुषमाताई.

ऑफिस ठाण्यात, वर्तकनगरला. लग्नपत्रिका, बॅनर, व्हिजिटिंग कार्ड छापतो. मालक दामले सर, साठीचे, भलतेच शिस्तीचे. डिझाइनला सुषमाताई, वय एकोणचाळीस, कल्याणहून येतात, हातात जादू! मार्केटिंगला निलेश. आणि गिऱ्हाईक सांभाळायला मी, कोपरीचा.

*

सरांच्या भाचीचं लग्न होतं. पत्रिका ताईंनी केलेली, इतकी देखणी की सरांच्या तोंडून पहिल्यांदाच "वा!" निघालं.

लग्नाच्या दिवशी आम्ही सगळे डोंबिवलीच्या हॉलवर. ताईंचा पत्ता नाही. मी फोन लावला.

"अरे, मी केव्हाची आलेय! जेवायला पण बसले. तुमच्यातलं कोणीच कसं दिसत नाही?"

"कुठल्या हॉलवर आहात?"

"थांब हां. नवरीचं नाव काय रे आपल्या? इथे बोर्डावर स्नेहल लिहिलंय."

दुसरा हॉल, दुसरं लग्न, आणि आहेरही देऊन झालेला! सरांनी माझ्या हातातून फोन घेतला. "सुषमाताई, पत्रिका तुम्हीच केलीत ना?"

"केली ना सर. वाचायची राहिली!"

*

एकदा एक गिऱ्हाईक कार्ड न्यायला आलं. ताई म्हणाल्या, "दहा मिनिटं बसा, कडा कापून देते." आणि कात्री आणायला आत गेल्या.

मी बाहेर कामाला गेलेलो. तासाभराने येऊन बघतो तर कपाट रिकामं, फायली जमिनीवर रंगाप्रमाणे लावलेल्या, आणि ताई स्टुलावर चढून वरचा कप्पा पुसतायत.

"ताई, कार्ड झालं?"

"कुठलं कार्ड?"

खाली स्टूल धरून उभा असलेला माणूस म्हणाला, "माझं!"

*

मग धुराचं प्रकरण. बिल्डिंगच्या मीटरबॉक्समधून धूर यायला लागला. वीज गेली, आरडाओरडा झाला, सगळी बिल्डिंग खाली कंपाउंडमध्ये. मोजतो तर आम्ही तिघंच! मी धावत वर गेलो.

ताईंचा लॅपटॉप बॅटरीवर चालू. त्यांच्या बुद्धविहाराच्या कार्यक्रमाचं बॅनर करत बसलेल्या. तीन तास जागच्या हललेल्या नव्हत्या.

मी ओरडलो, "ताई, आग!"

स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या, "मला पण तेच वाटत होतं. लाल जरा कमी करते."

*

आम्ही हसलो, पण सर हसले नाहीत. त्याच आठवड्यात एका पत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकली आणि पाचशे प्रती फुकट गेल्या. सर म्हणाले, "ही शुद्ध बेफिकिरी आहे. एक महिना देतो. सुधारणा दिसली नाही, तर मला दुसरी व्यवस्था बघावी लागेल."

डबा खाताना ताईंनी पोळी तशीच बाजूला सारली. मग म्हणाल्या, "बेफिकीर असते तर बरं झालं असतं रे. मी चौथीपासून सुधारतेच आहे. डोक्यात एकदम पाच टीव्ही चालू असतात, आणि रिमोट भलत्याच कोणाकडे."

आमच्यातलं कोणी हसलं नाही.

*

निलेशने मात्र लगेच निदान केलं. "ताई, हे एडीएचडी, लक्ष एका जागी टिकत नाही ते! मोठ्यांना पण असतं. मला पण आहे!" निलेशला महिन्याला काहीतरी नवीन असतं. त्याआधी रील्स बघून त्याला थायरॉइड झालेला आणि गहू बंद झालेला. त्याने इंटरनेटवरची एक प्रश्नावली काढली, चार प्रिंट मारल्या, सगळ्यांना वाटल्या.

सर भडकले. "आमच्या वेळी याला धांदरटपणा म्हणत. दोन रट्ट्यांत बरा व्हायचा!"

दुसऱ्या दिवशी मी झेरॉक्स मशीनचं झाकण उघडलं तर आत एक प्रश्नावली. 'वस्तू हरवतात का?' नेहमी. 'काम अर्धवट राहतं का?' नेहमी. अक्षर मोत्यासारखं, सरांचं. सहाव्या प्रश्नावर पेन थांबलेलं, आणि कागद तिथेच राहिलेला!

मी तो गुपचूप सरांच्या टेबलावर ठेवला. दुपारी सर ताईंकडे आले. "त्या महिन्याचं राहू द्या. तुम्ही एखाद्या खऱ्या डॉक्टरांना दाखवा."

*

कल्याणच्या मानसोपचार डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. रील बघून हे ठरत नाही म्हणाल्या. झोप, थायरॉइड, टेन्शन, सगळं विचारलं, तपासलं. दोन-तीन भेटी झाल्या, मग सांगितलं की हो, एडीएचडीच आहे.

ताई दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या, डबा उघडला आणि रडायलाच लागल्या. मी घाबरलो. "अरे, बरं वाटतंय म्हणून रडतेय! एवढी वर्षं मला वाटायचं, मी आळशी आहे."

आता गोळी चालू आहे, टेबलासमोर मोठं घड्याळ आहे, सर एका वेळी एकच काम हातात देतात. पत्रिका छापायच्या आधी मी मोठ्याने वाचतो. चुका अजून होतात, पण मोजक्या.

निलेशही तपासून आला. डॉक्टरबाई त्याला म्हणाल्या, "तुम्हाला मोबाइल झालाय."

*

पण सगळ्यात भारी किस्सा त्या तपासणीतलाच, खुद्द ताईंनी सांगितलेला. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं, लहानपणापासून ओळखणाऱ्या कोणाला तरी घेऊन या. ताईंनी आईला नेलं.

"आजी, सुषमा लहानपणी वस्तू हरवायची का हो?"

"छे! गुणाची पोर माझी. अहो, ती सात वर्षांची असताना आम्ही खडवलीला नदीवर गेलेलो. तिकडे करवंदं काय मिळायची! आमची शेजारीण त्याचं लोणचं घालायची. तिचा थोरला पुढे नाशकाला गेला. तिथली थंडी तुम्हाला सांगते..."

पाऊण तास! डॉक्टरबाईंनी शेवटी विचारलं, "आजी, पण खडवलीला काय झालं?"

"खडवलीला? कुठे काय झालं?"

ताई म्हणाल्या, "आई, तू मला तिथेच विसरून घरी आलेलीस!"

"हां! बघा डॉक्टर, तेव्हापासून हिला हरवायची सवय!" एवढं बोलून आई ताडकन उठल्या. "अगं बाई, गॅस!" आणि तडक दाराबाहेर. पर्स खुर्चीवर, चष्मा टेबलावर, मुलगी केबिनमध्ये.

डॉक्टरबाईंनी दाराकडे बघितलं. मग ड्रॉवरमधून एक कोरा फॉर्म काढला.

"आईंचं पूर्ण नाव सांगा."