इंदूने घातलेले वाटे

जाळं शिवायला बसलं की हात अडकतात, तोंड मोकळं राहतं. अर्नाळ्यात किस्से असेच साचतात. इंग्रिडचे तर इतके साचलेत की एक सांगायला घेतला की शेजारचा मध्येच म्हणतो, "तो नको रे, तो कचऱ्याचा सांग!" मी सातवीनंतर शाळा सोडली, लिहायची सवय नाही. आठवेल तसं लिहितो.

आधी ती कोण ते सांगतो. मुंबईची एक संस्था परदेशातली माणसं गावात पाठवते. त्यांनी पोरांना इंग्रजी शिकवायचं, किनारा साफ करायचा आणि कुणाच्या तरी घरी घरच्यासारखं राहायचं. भरतदादाने, माझ्या मोठ्या भावाने, आमच्या घरासाठी फॉर्म भरला. पाहुणीसाठी स्वतःची खोली निळी रंगवली, खिडकीला मच्छरजाळी बसवली. आणि मग कामणच्या रस्त्यावर एका ट्रकने त्याची बाईक उडवली. दादा जागच्या जागी गेला.

संस्थेला कळवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तीन आठवड्यांनी नॉर्वेची इंग्रिड पाठीवर बॅग घेऊन दारात उभी!

"भरत कुठे आहे?"

माझं इंग्रजी म्हणजे टुरिस्टांना होडीने किल्ल्यावर नेता नेता शिकलेलं. त्यात मेलेल्या माणसाचं काही येत नव्हतं. खरं सांगायचं तर मराठीतही तोंडातून निघत नव्हतं. मी बोलून गेलो, "आउट. बाहेर गेलाय."

आत आईच्या हातातलं ताट पडलं. तिने ते उचललं आणि पाहुणीसाठी पाणी भरलं.

* * *

दुसऱ्या दिवशी गावातल्या एका मंडळाने इंग्रिडचा सत्कार केला. अध्यक्ष पाऊण तास बोलले. त्यात तिचं नाव चार वेळा आलं, चारही वेळा वेगळं! शाल, नारळ आणि गुडघ्यापर्यंत झेंडूचा हार. तो गळ्यात घालूनच ती घरी आली आणि भिंतीवरच्या दादाच्या फोटोपुढे थांबली. त्यालाही हार.

"अरे वा! भरतचापण सत्कार झाला?"

"झाला," मी म्हटलं. "सगळा गाव आला होता."

हे तर खोटं नव्हतं.

* * *

आता जेवणाचं. आमच्याकडे पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की वाढायचं. त्यांच्याकडे ताटात काही उरवलं की घरच्यांचा अपमान. झालं! ती संपवायची, आई वाढायची. बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. पाचव्या भाकरीला ती लालबुंद होऊन मला म्हणाली, "हे थांबवायचं कसं?"

"ताटावर हात आडवा धर."

तिने धरला. आईने तो अलगद उचलून बाजूला ठेवला आणि सहावी वाढली. "लाजते बिचारी!"

दादा गेल्यापासून आईने गॅस पेटवला तो चहापुरता. शेजारचे डबे द्यायचे. त्या दिवशी तिने महिन्याभराने भाकऱ्या थापल्या होत्या. 'इंग्रिड' तिला जमेना, तिने 'इंदू' करून टाकलं. मला हळूच म्हणाली, "इंदू भरतसारखी जेवते रे."

मग मी आईला काय सांगणार, थांब म्हणून? इंदूला गुपचूप सोडा आणून दिला.

* * *

विरारच्या एका सोसायटीतल्या मॅडम इंदूला भेटायला आल्या. बाहेर बांबूंवर बोंबील वाळत होते. मॅडमनी नाकाला रुमाल लावला. "कसं सहन करतेस गं हा वास?"

इंदूने डोळे मिटून छाती भरून श्वास घेतला. तिच्या गावीपण लाकडी मांडवावर मासे टांगून सुकवतात. "आजीच्या घराचा वास येतो," ती म्हणाली.

मॅडम रुमालातूनच म्हणाल्या, "हो, पण तुमच्याकडचा वास फॉरेनचा असेल ना!"

* * *

कचऱ्याचा किस्सा मंडळाच्या सफाई मोहिमेचा. सकाळी आठची वेळ. इंदू सातलाच गेली आणि पाऊण किनारा झाडून बसली! अध्यक्ष नवीन झाडू आणि फोटोग्राफर घेऊन नऊला उगवले. रिकामी वाळू बघून त्यांचा चेहरा पडला.

"अरे, कचरा कुठाय? फोटोत काय दाखवू? पसरा जरा!"

मंडळाच्या दोघांनी तिने भरलेली पोती उलटी केली. इंदूला वाटलं, वाऱ्याने उडाला. ती धावत मागे. हे पुढे पसरतायत, ती मागे गोळा करतेय. फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत वाळू पुन्हा स्वच्छ!

अध्यक्ष मला ओरडले, "तिला सांग, समाजसेवेत एवढी घाई बरी नाही!"

* * *

आता शेवटचा.

होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे सारखे ढीग करायचे. एकाने पाठ फिरवून उभं राहायचं. दुसऱ्याने ढिगाकडे बोट करून विचारायचं, "हा कोनाचा?" पाठमोरा ज्याचं नाव घेईल, ढीग त्याचा. एकदा नाव पडलं की ढीग मोडायचा नाही. आमच्या होडीवर पाठ फिरवायचं काम दादाचं. तो गेल्यापासून त्याच्या जागी उभं राहायला कुणी तयार नव्हतं. त्यामुळे रोज खेकसाखेकसी.

धर्माकाका आमचा तांडेल, होडी त्याच्या हुकमाने चालते. एक दिवस तो वैतागला. "इंदूला उभी करा. तिचा ना कोनी पुतन्या, ना कोनी मेव्हना!"

होडीवरच्यांची नावं तिच्याकडून मीच पाठ करून घेतली होती. आधी दादा, मग तिघे खलाशी, मग मी, शेवटी काका. दादाचं नाव मी सवयीने पहिलं सांगितलं होतं. हे मला आठवलं, पण तोवर तिने पाठ फिरवली होती.

पाच माणसं, पाच ढीग. काकाने पहिल्या ढिगाकडे बोट केलं. "हा कोनाचा?"

"भरत!" इंदू ओरडली. खणखणीत.

एक खलाशी तो ढीग बाकीच्यांत मिसळायला वाकला. काकाने त्याच्या हातावर चापट मारली. "नाव पडलंय."

इंदूने वळून माझ्याकडे बघितलं. मी सांगून टाकलं. मराठीतच सांगितलं. हाताने बाईक दाखवली, ट्रक दाखवला, गळ्यातला हार दाखवला. तिने दोन्ही हात तोंडावर घेतले.

"पाठ फिरव, इंदू," काका म्हणाला. "अजून चार हायेत."

रडत रडत तिने चार नावं घेतली. ढीग संपले. उरला काका. त्याने रिकामी टोपली झटकली, डोक्यावर पालथी घातली आणि आमच्या घराकडे चालू लागला. दादाचा वाटा टोपलीत घेऊन मी मागे, माझ्यामागे इंदू.

अंगणातूनच काकाने हाक मारली, "भरतच्या आये! मला आज वाटा नाय. तुझ्या भरतकडं जेवाया आलोय!"

आई बाहेर आली. माझ्या हातातली टोपली घेतली. टोपलीत बघितलं. मग विळी ओढून पहिला बोंबील हातात घेतला.

"बसा," म्हणाली. "तो बाहेर गेलाय."