पाय दाखवा, मास्तर

मामांच्या दारात गेलं की ते तोंडाकडे बघतच नसत. थेट पायांकडे बघत. मग चष्मा नाकावर खाली ओढून म्हणत, "पाय दाखवा, मास्तर."

मी शाळामास्तर. दिवसभर साठ पोरांची नखं तपासणारा माणूस. पण मामांच्या पायरीवर मी निमूटपणे एका पायावर उभा राहून दुसऱ्याचा तळवा दाखवत असे. आमच्या तोंडवलीच्या किनाऱ्याची वाळू ती. कितीही झटका, बोटांच्या बेचक्यात चार कण राहणारच. ते मामांना दिसत. "जावा, बावडेर जावन येवा," असा हुकूम सुटे आणि मी बावडीवर, म्हणजे विहिरीवर, पुन्हा पाय धुवायला जात असे.

हे सगळं एका गालिच्यापायी!

मामा हे सगळ्या गावाचे मामा. मुंबईहून सुटणाऱ्या एका मोठ्या बोटीवर त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. साहेबलोकांच्या दिवाणखान्याची झाडलोट त्यांच्याकडे होती. निवृत्तीच्या सुमाराला तिथला गालिचा बदलायचा ठरला आणि जुना मामांनी मागून घेतला. डाळिंबी रंगाचा, हिरव्या वेलबुट्टीचा, मध्ये भलंथोरलं फूल. त्यावर आपला गाव बसलेला बघायचा, एवढी एकच हौस त्या माणसाला होती.

आता गालिचा आला, तर तो अंथरायला खोली नको? मामींचं घर शेणानं सारवलेलं. म्हणून मामांनी बोटीवरून पत्र धाडलं. मामींना वाचता येत नसे, त्यामुळे पत्र वाचायचं काम माझं. 'गालिचा लांबीस तेरा हात, रुंदीस आठ हात. बरोबर तेवढी पुढली खोली चिऱ्यांची बांधून, खाली कोबा घालून घेणे.' मी ते खणखणीत आवाजात गवंड्याला वाचून दाखवलं. गवंड्यानं आपल्या हातानं मोजून दोरी धरली. कोणाचा हात, हा प्रश्न मला पडला नाही. शिकल्यासवरल्या माणसाला असले प्रश्न पडतच नाहीत.

मामा आले ते गालिचा घेऊनच. बंदरातून बैलगाडीनं आणि पुढे वाळूतून आठ जणांच्या खांद्यावरून. ती लांबलचक गुंडाळी येताना बघून वाटेवरच्या एका म्हातारीनं हात जोडले. "कोण गेलो रे? सुटलो बिचारो!"

"आजये, कोण जावक नाय," मामा ओरडले. "पावणो इलो आसा!"

पाहुणा खोलीत उलगडला आणि पलीकडच्या भिंतीवर चढला. चांगला हातभर! मामा ताडमाड उंच, गवंडी वीतभर. हातामागे दोन बोटांचा फरक, तेरा हातांत सव्वीस बोटं. हा हिशोब मी तिथल्या तिथे तोंडी केला, पण मोठ्यानं बोललो नाही. रुंदीला गवंड्यानं आपण होऊन हातभर जास्त धरलं होतं म्हणून ती बाजू तरली.

मामांनी गवंड्याला एक शब्द विचारला नाही. माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी एवढे शिकलेले. शाळेत ती फूटपट्टी कित्याक ठेवलास? पोरांका मारूक?"

गालिचा कापा, असं कोणीतरी सुचवलं. त्या माणसाशी मामा पुढे वर्षभर बोलले नाहीत.

मग खोलीची सजावट सुरू झाली. "आधी गालिचो, मगे आपण," हे मामांचं ब्रीद. मधल्या फुलाच्या बरोबर डोक्यावर कंदील टांगला. पडदे डाळिंबी हवेत म्हणून मामींची लग्नातली साडी फाडायला निघाले, तेव्हा मामींनी विळी उचलली. खिडक्या वेलबुट्टीच्याच हिरव्या रंगाच्या हव्या होत्या. तो रंग मालवणच्या बाजारात मिळेना. शेवटी तारकर्लीच्या एका होडीवाल्याकडे होडीला लावून उरलेला मिळाला. दोन महिने खोलीत होडीचाच वास. येणारा-जाणारा विचारी, "मामा, खोली पाण्यात कधी सोडतलास?"

खुर्च्या भिंतीलगत, कारण पायांचे वण उठतात. म्हणजे बसायचं कडेला आणि मध्ये नुसतं बघायचं. मामी एकदा सुपातले तांदूळ निवडता निवडता मला म्हणाल्या, "घोव बोटीर होतो तेव्हा घर माझां होतां. आता घोव घराक इलो नि घर गालिच्याचां झालां."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. लोकांनी यावं म्हणून जीव टाकतात आणि आलेल्याला दारातच घाम फोडतात. हळूहळू लोक मामांकडे पायरीवरूनच बोलून परतू लागले. सरळ सांगायचं तर मीही टाळाटाळ करू लागलो.

त्या वर्षी मामांनी गणपती त्या खोलीत बसवला. गालिचा जिथे भिंतीवर चढला होता, त्याच्यापुढेच चौरंग मांडला. डोक्यावर माटवी, म्हणजे फळं-पानं टांगलेली लाकडी चौकट, पाठीमागे डाळिंबी मखर. फार सुरेख दिसत होतं. मामा मला म्हणाले, "गवंड्याचो हात बाप्पाच्या कामाक इलो." मला माफी मिळाली असं मी समजलो.

संध्याकाळी भजनी मंडळी आली. पंधरा माणसं, मृदंग, झांजा, आणि पाय मळ्यातल्या चिखलानं भरलेले. मामा दारात धावले. पण बुवांनी गालिचा बघितला, आपले पाय बघितले आणि हात जोडले. "नको मामा. आमी हयसरच बरे."

भजन पडवीत झालं. आत गणपती आणि तो रिकामा गालिचा. मामा दाराला टेकून उभे होते. सगळे गेल्यावर मला राहवलं नाही. "मामा, तुम्ही तरी बसा त्याच्यावर. मी तुम्हांला त्याच्यावर बसलेलं कधी बघितलंच नाही." खरंच नव्हतं बघितलं. स्वतःच्या घरात ते कडेकडेनं चालत.

"तीस वर्षां ह्याच गालिच्यार ब्रश मारलंय, मास्तर," ते म्हणाले. "बस म्हणान कोणी सांगूक नाय."

इतके दिवस मी त्यांची टिंगल करत होतो, त्याची मला लाज वाटली.

पुढच्या चतुर्थीला भजनी आले, तर पायरीशी मामा पाण्याची घागर घेऊन उभे. शेजारी पाट मांडलेला. म्हणाले, "एकेकान येवा." आणि खाली बसून बुवांचा पाय धरला! बुवा हबकले. लग्नात व्याह्याचे पाय धुतात तसे हा साठीचा माणूस आपले धुतोय. "अहो मामा, पाप लागात माका!"

"गप रव. सायबांचे बूट पुसले, आता गाववाल्यांचे पाय धुवक कसली लाज?"

पंधरा माणसं, तीस पाय. मृदंगवाला तर दोनदा परत पाठवला गेला. पण सगळे आत गेले आणि त्या मधल्या फुलावर खच्चून बसले. झांजा वाजल्या, पहिला गजर उठला आणि मध्येच बुवांनी हात वर केला. "यजमान खंय?"

यजमान बाहेर पायरीवरच होते. सगळ्या गावाचा चिखल त्यांच्या पायांवर. "चलांदे, चलांदे. मी हयसून आयकतंय."

बुवा हसले आणि ओरडले, "मामा, पाय दाखवा!"

मग काय! पंधराच्या पंधरा ओरडू लागले. "पाय दाखवा! पाय दाखवा!" मामी आतून तांब्या घेऊन आल्या, पदर खोचला आणि नवऱ्याच्या पायांवर भडाभडा पाणी ओतलं. "आता चला. बसा थंय मधी." बुवांनी सरकून जागा केली. मामा बसले. गुडघे जवळ घेऊन, परक्याच्या घरी बसावं तसे. दुसऱ्या गजराला त्यांनी मांडी घातली. तिसऱ्याला टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले. कंदिलाचा धूर होता असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

भजनानंतर काळ्या वाटाण्यांची उसळ वाटली आणि कोणाची तरी वाटी लवंडली. मामा चार दिवस ब्रश घेऊन बाकीचा गालिचा साफ करत होते, पण तो एक डाग काही त्यांनी काढला नाही. मामी काढायला गेल्या तर म्हणाले, "रवांदे. माणसां इल्ली म्हणान कळता."

पुढे माझी मिठबावला बदली झाली. मामा गेल्याचं मला उशिरा कळलं. भेटायला गेलो, तेव्हा मामी एकट्याच दाराशी तांदूळ निवडत होत्या. मी पायरीवर थांबलो आणि सवयीनं तळवा वर केला.

"येवा तशेच, मास्तर," मामी म्हणाल्या. "आता कोण बघता पाय?"

मी विहिरीवर गेलो. दोन्ही पाय बोटांच्या बेचक्यांसकट नीट घासून धुतले. मग कडेनं न जाता सरळ मध्ये गेलो आणि त्या उसळीच्या डागाशेजारी मांडी घालून बसलो.