चहाच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

आमच्या शाळेचं शिबिर मे महिन्यात असायचं, पेठ रस्त्यानं पुढं गेल्यावर डोंगरात, एका तळ्याकाठी. पाच रात्री. मुलं सहावी-सातवीतली. मी नाशिकरोडच्या शाळेत शिक्षक होतो आणि नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हा मी ते सुरू केलं. त्या शिबिराबद्दल लोक अजूनही माझं कौतुक करतात. त्या कौतुकातला काही भाग खोटा आहे. तो कुठला, हे सांगण्यासाठी लिहायला बसलो आहे.

मुलांना तयार करणं सोपं होतं. त्यांना डोंगर म्हटला की पुरे. तयारी करावी लागे ती घरांची. तोवर आमच्या भागातलं पोरगं आई-बापांशिवाय झोपलं तर ते मामाकडे किंवा आत्याकडे. परक्या माणसाच्या भरवशावर डोंगरात पाच रात्री, हे कुणाच्या घरात घडलेलं नव्हतं. तरी मी एक सायक्लोस्टाईल केलेला कागद हातात ठेवला आणि माणसांनी मुलं दिली. याचं मला तेव्हाही नवल वाटे, आता तर जास्तच वाटतं. काय होतं त्या कागदावर? सतरंजी, चादर, तांब्या, टॉर्च, दोन जोड कपडे, खाऊ आणू नये. खाली माझी सही. तेवढ्यावर.

आणि ती माणसं तयारी तरी कशी करायची. एका वडिलांनी मुलाला सवय व्हावी म्हणून ऐन उन्हाळ्यात आठ दिवस सगळ्या घराचा पंखा बंद ठेवला. घरातले म्हातारे आजोबा मला शिव्या घालत अंगणात झोपायचे. एक आई मुलाला रोज भाकरी कुस्करून द्यायची. ती आठ दिवस जेवणाच्या वेळी मुद्दाम शेजारणीकडे जाऊन बसली. ओझरच्या विमान कारखान्यात कामाला असलेल्या एकानं मुलाच्या मगावर, ताटावर, टॉर्चवर, अगदी साबणाच्या डबीवरही नंबर ठोकून आणला. आणि चांदवडहून एक आजोबा, कांद्याची कामं सोडून, एसटीनं फक्त एक प्रश्न विचारायला आले.

"तिथं साप हायेत का?"

"आहेत," मी म्हणालो.

"मग घेऊन जा नातवाला. नाय म्हटला असता ना मास्तर, तर आत्ता घरी नेला असता त्याला."

शिबिराआधी आम्ही एक सराव करायचो. ही माझीच कल्पना होती. दोन-दोन घरांच्या जोड्या लावायच्या. एका शनिवारी या घरचा मुलगा त्या घरी झोपायला जाणार, पुढच्या शनिवारी त्या घरचा या घरी येणार. नियम दोनच. पाहुण्या मुलाला घरातल्यासारखं वागवायचं. आणि सोडायला आलेल्या आई-वडिलांनी उंबऱ्यातूनच मागं फिरायचं, आत येऊन बसायचं नाही, वळून पाहायचं नाही. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरायच्या. चहापत्तीच्या एका पत्र्याच्या डब्यात सगळ्या मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या असत आणि पालकसभेत सगळ्यांसमोर मी त्या काढत असे. वीजकेंद्राच्या कॉलनीतला मुलगा फुलशेतीवाल्याकडे, बँकेतल्या कारकुनाचा मुलगा भाजीवाल्याकडे. कुणाच्या वाट्याला कुठलं घर येईल ते सांगता येत नसे. लोक अजून आठवण काढतात ती या चिठ्ठ्यांची.

पहिल्या वर्षी माझा मुलगाही शिबिरात होता, त्यामुळे त्याची चिठ्ठीही डब्यात होती.

मी एक चिठ्ठी काढली. एका फिटरच्या मुलाचं नाव निघालं. वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला, घर बौद्ध वस्तीत. नवरा-बायको दोघंही पहिल्या रांगेत बसले होते, इस्त्रीचे कपडे घालून. त्यांची जोडी लावायला मी दुसरी चिठ्ठी काढली, उघडली. माझ्याच अक्षरात माझ्या मुलाचं नाव होतं.

मी जे केलं त्याला श्वास घेण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. "दोन एकत्र आल्या," असं म्हणालो, चिठ्ठी परत टाकली, दुसरी काढली, आणि तिच्यावर काय लिहिलंय ते न पाहता एक नाव वाचलं. त्याच वस्तीतल्या दुसऱ्या एका मुलाचं. त्याची खरी चिठ्ठी नंतर निघाली तेव्हा तिच्याऐवजी या न वाचलेल्या चिठ्ठीवरचं नाव वाचलं. पुढं माझ्या मुलाची चिठ्ठी बँकेतल्या कारकुनाच्या मुलाबरोबर निघाली.

स्वतःला मी सांगितलं, की आपली आई जुन्या वळणाची आहे. फिटरचा मुलगा आपल्याकडे राहायला येणार, ती स्वयंपाकघरात काहीतरी बोलून जाईल, पोराचा अपमान होईल. आपण त्याला वाचवलं. हे मला पुष्कळ दिवस पटत होतं. पण आईला मी विचारलंच नव्हतं. ती त्यानंतर सात वर्षं होती, आणि त्या सात वर्षांत कधीही विचारता आलं असतं.

सरावानंतरच्या रविवारी मी लुनावरून सगळ्या घरी चक्कर मारायचो. फिटरच्या घरी गेलो तेव्हा पुढची खोली नुकतीच चुन्यानं रंगवलेली होती. खिडकीला नवा पडदा. कॉटवर पिंजाऱ्याकडून भरून आणलेली नवी गादी, तिच्यावर फुलाफुलांची चादर. आणि त्या कॉटवर, दोन घरं पलीकडचा मुलगा पाय हलवत बसलेला.

फिटरच्या बायकोला हसू आवरत नव्हतं. "सर, हा तर आमच्याच ताटात जेवून मोठा झालाय. पाहुणा कुठंय? शेवयाची खीर केली होती मी पाहुण्यासाठी. यानं काय केलं माहितीये? खीर खाल्ली आणि म्हणाला, काकू, मी घरी जाऊन झोपू का, आमच्याकडे कूलर आहे."

मुलगा लाजला. मीही हसलो.

फिटर मला फाटकापर्यंत सोडायला आला. "ती नाराज नाही हं, सर," तो म्हणाला. "चिठ्ठी आहे. आपल्या हातात थोडीच असते."

पुढची दोन वर्षं मी अधिक नीट वागलो, म्हणजे अधिक वाईट. वस्तीतल्या मुलांच्या चिठ्ठ्यांची घडी तिरकी घालू लागलो. बोटांना ती कळायची. तिरकी निघाली की जोडीला तिरकीच. कुणाच्या लक्षात आलं नाही, असं मला वाटत होतं.

चौथ्या वर्षी फिटरचा धाकटा मुलगा सहावीत आला. तो सभेला आई-वडिलांच्या मध्ये बसला होता. त्या वर्षी मखमलाबादकडचे एक फुलशेतीवालेही होते. त्यांच्या मुलाबरोबर आजी आली होती, नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, मांडीवर चार वर्षांची नात. आजीबद्दल मी ऐकून होतो. तिच्या चुलीपाशी सुनांनाही विचारून जावं लागतं म्हणे. मी मनाशी म्हटलं, बरं झालं आपण घड्या घातल्यात.

मी डबा उघडला तशी आजी उठली.

"थांबा मास्तर. चिठ्ठी कोण काढनार?"

"मीच काढतो दरवर्षी."

"तुम्ही कशाला? चिठ्ठी लेकराच्या हातानं काढतात. जाणत्यानं काढली तर ती चिठ्ठी नाय, यादी हाय." लोक हसले. "आमच्या पाण्याच्या पाळ्या अशाच ठरतात. पाटील असला तरी डब्यात हात घालू देत नाय त्याला."

तिनं नातीला टेबलावर आणून बसवलं. त्या पोरीनं खांद्यापर्यंत हात डब्यात घातला, चिठ्ठ्या कालवल्या, काही जमिनीवर सांडल्या, त्या उचलून परत टाकल्या. माझ्या तिरक्या घड्या तिच्या मुठीत चुरगळत होत्या आणि मी शेजारी उभं राहून नावं वाचत होतो. खरी नावं. चौथी जोडी निघाली. फिटरचा धाकटा, आणि त्या आजीचाच नातू.

मी आजीकडे पाहिलं. ती फिटरच्या बायकोकडे वळून विचारत होती, "पोरगं खातं का नीट?"

रविवारी उजाडायच्या आत मी मखमलाबादची वाट धरली. खरं तर दुपारी जायचं असे. वाटेत मी काय काय बोलायचं ते जुळवत होतो, माफी कुणाची मागायची आधी, मुलाची का त्याच्या आईची. पोचलो तेव्हा मोगऱ्याची तोडणी चालली होती. उन्हं यायच्या आत कळ्या उतरवाव्या लागतात. सगळं घर सरीत वाकलेलं. आणि आजीच्या शेजारच्या ओळीत फिटरचा मुलगा, कमरेला आजीच्याच जुन्या लुगड्याचा ओचा बांधून, त्यात कळ्या.

"उमललेलं घेऊ नको रे," आजी त्याला सांगत होती. "त्याचा भाव गेला. मिटलेलं घे." मग तिनं मला पाहिलं. "का हो मास्तर, इतक्या लवकर? पोरगं खाल्लं का काय आम्ही, ते पाहायला आले?"

"नाही, सहज."

"सहज कुणी पहाटे येतं का? बसा. याला चहा देऊ, मग तुम्हाला. त्यानं काम केलंय."

मी बांधावर बसलो. स्वयंपाकघरातून सून दोघा मुलांना हाक मारत होती. ती दोघं ओट्याकडे पळाली, हात धुतले, आणि आत गेली. आत म्हणजे चुलीपाशी. आजी पाठोपाठ गेली आणि मला तिचा आवाज ऐकू आला, "त्याला साय घाल गं, लाजतोय तो." बस, इतकंच. मी तीन वर्षं ज्याची भीती बाळगून होतो, ती गोष्ट एवढ्यावर झाली. मला त्या घराकडे पाहवेना. देवळाच्या दारातून माघारी फिरलेल्या माणसाला कळावं, की दार उघडंच होतं, तसं काहीतरी वाटलं.

पुढच्या शनिवारी तिचा नातू फिटरच्या घरी गेला. गादीचा पाहुणा आला. मी त्या रविवारी चक्कर मारलीच नाही.

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत चिठ्ठ्या लहान पोरांनीच काढल्या. निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी भाषणात म्हणालं, सरांच्या डब्यानं जात मोडली. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले. पहिल्या तीन वर्षांचं बोलायला तोंड उघडलं नाही, आणि ज्या आजीनं डबा माझ्या हातातून घेतला तिचंही नाव घेतलं नाही.

दोन हजार आठ-नऊच्या सुमारास, एका दुपारी, मी फिटरच्या घरी गेलो. तोही निवृत्त झाला होता. मी सगळं सांगितलं, तिरक्या घड्यांपर्यंत. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मी सगळ्यांना सांगत आलो," तो म्हणाला, "थोरल्याच्या वेळी आमचं चिठ्ठीत नशीबच नव्हतं. त्याच्या लग्नातसुद्धा सांगितलं. हसले होते लोक." मग म्हणाला, "लिहून ठेवा हे. नावं नकोत कुणाची. पण लिहा."

त्याची बायको चहाचा कप हातात धरून उभी होती. ती म्हणाली, "मग खरी चिठ्ठी कुणाची होती, सर? पहिल्या वर्षी. कोण येणार होतं?"

हे मी अजून सांगितलं नव्हतं. सांगायचं टाळूनच आलो होतो.

"माझा मुलगा," मी म्हणालो.

ती खाली बसली. तिला राग येईल असं वाटलं. यायलाच हवा होता, कदाचित आलाही असेल. पण बराच वेळ ती माझ्याकडे नाही, त्या पुढच्या खोलीकडे पाहत राहिली.

"त्याला खीर आवडायची का?" तिनं विचारलं.

"नाही. त्याला तिखट लागतं."

"बघा. मी गोड करून बसले होते." मग म्हणाली, "कुठं असतो आता?"

"बंगळूरला. दिवाळीत येतो."

"मग पाठवा. एक रात्र राहू द्या. चिठ्ठी निघालेली आहे त्याची."

दिवाळीत मुलगा आला. मी त्याला आधी हे सगळं वाचून दाखवलं, इथवर. तो ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "बाबा, आपल्या आजीला तुम्ही खरंच विचारलं नव्हतं?"

"नाही."

तो उठला आणि पिशवीत एक जोड कपडे, टॉवेल भरू लागला. चादर घेतली नाही, हे जुन्या सवयीनं माझ्या लक्षात आलं.

संध्याकाळी मी त्याला सोडायला गेलो. दारात फिटर उभा होता, आतून मिरची फोडणीला पडल्याचा ठसका येत होता. मुलगा चपला काढून आत गेला. फिटर मला म्हणाला, "या की आत, सर."

"नियम आहे," मी म्हणालो, आणि उंबऱ्यातूनच मागं फिरलो.